ठिगळांची समीक्षा

मराठीत समीक्षेला काही तोटा नाही. कवितेची होते, नाटकाची होते, मिसळीची तर दर रविवारी होते. पण फाटलेलं शिवणाऱ्याची समीक्षा कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. छत्री दुरुस्त करणाऱ्याला आपण "किती झाले?" एवढंच विचारतो. "या टाक्यामागची आपली भूमिका काय?" असं विचारत नाही. संगणकाच्या जगातही तीच तऱ्हा. प्रोग्राम लिहिणाऱ्याचं नाव होतं. पुढं वर्षानुवर्षं त्याला ठिगळं लावत बसणाऱ्याचं नाव मात्र काही बिघडलं तरच लोकांच्या तोंडी येतं, आणि तेही आदरानं नव्हे. तेव्हा हा अनुशेष भरून काढण्याचं मी मनावर घेतलं आहे. समीक्षेचा विषय : 'मिडनाइट कमांडर' आणि त्याची ठिगळं.

नाव ऐकून एखाद्याला बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा आठवेल. प्रत्यक्षात हा फायली सांभाळणारा एक पापभीरू कारकून आहे. निळा पडदा, त्यावर शेजारी शेजारी दोन कपाटं आणि तळाशी दहा कामांची यादी. एफ-पाच दाबा, फायलीची नक्कल या कपाटातून त्या कपाटात. सहा दाबा, स्थलांतर. आठ दाबा, विल्हेवाट. चित्रं नाहीत, सावल्या नाहीत, नुसती अक्षरं. घराणं मात्र जुनं. १९८६ साली जॉन सोशा यांचा 'नॉर्टन कमांडर' डॉसवर आला, आणि १९९४ साली मेक्सिकोतल्या मिगेल दे इकाझा या विद्यार्थ्यानं तीच गायकी युनिक्सच्या मैफलीत नेली. १९९७ साली तो ग्नोमच्या मोठ्या कामाला लागला. कारकून राहिला, आणि त्याला सांभाळणारे एकामागून एक बदलत गेले.

"आजच्या काळात हे कशाला?" असं कुणीही विचारील. आमची सौ. तर पडदा निळा दिसला की "संगणक बिघडला वाटतं," म्हणून चहा ठेवायला जाते. पण दूरच्या सर्व्हरवर चित्रांचा पडदाच नसतो. तिथं हजार फायलींतून नेमक्या सात उचलायच्या असल्या की हाच कामाला येतो. दोष सांगायचाच तर काही टर्मिनलांत एफ-दहा दाबलं की हा बाहेर पडत नाही, खिडकीचा मेनू खाली येतो. अशा वेळी एस्केप दाबून मग शून्य दाबावं. निरोप घ्यायला एवढे सोपस्कार मी फक्त आमच्या मावशीच्या दारात पाहिले आहेत.

आता मुद्द्याचं. मूळ प्रोग्राम लिहिला जातो ते त्याचं माहेर. तिथून तो डेबियनसारख्या लिनक्सच्या मोठ्या एकत्र कुटुंबात जातो, ते सासर. सासरी नेसवून-सजवून जे उभं करतात ते पॅकेज, आणि सासरी लावलेलं वळण म्हणजे पॅच, आपल्या भाषेत ठिगळ. ही अशी ठिगळं एकावर एक रचून ठेवण्याच्या साधनाचं नाव 'क्विल्ट', म्हणजे चक्क गोधडी! नाव ठेवणाऱ्याला आजी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ठिगळ म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. वजा खुणेच्या ओळी काढा, अधिक खुणेच्या घाला. पण कुठं? त्यासाठी बदलाच्या वर-खाली तीन तीन जुन्या ओळी लिहिलेल्या असतात. हा पत्ता अगदी आपल्या पद्धतीचा आहे. घर नंबर बदलला तरी हरकत नाही, 'मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीला लागून'. १९८५ साली लॅरी वॉल यांनी लिहिलेला 'पॅच' हा पोस्टमन ओळींचे आकडे चुकले तरी खुणांवरून घर काढतो. गिरणीच पाडली असेल तर पत्र परत : '.रेज' नावाची, नाकारलेल्या मजकुराची फाइल. आणि खुणा अर्ध्याच जुळल्या तर तो "साधारण इथंच असेल," म्हणून पत्र टाकूनही येतो. डेबियनच्या गोधडीत ही ढिलाई चालत नाही. खुणा तंतोतंत हव्यात, नाहीतर पॅकेज बांधायलाच नकार. माहेराहून नवी आवृत्ती आली आणि वाटेतल्या गिरण्या हलल्या, की सांभाळणाऱ्यानं ठिगळाचा टाका उसवायचा, नव्या कापडावर धरायचा आणि पुन्हा शिवायचा. पुढच्या आवृत्तीला पुन्हा तेच. पगार नाही बरं का! बहुतेकांचं हे काम जेवणं झाल्यावर, घर निजल्यावर चालतं.

यात चांगलं ठिगळ कोणतं? आपल्या देवनागरीचाच दाखला घ्या. यूटीएफ-८ या पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. 'किराणा' या शब्दात काना-वेलांट्या धरून सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. जुना कारकून एका बाइटला एक घर मोजायचा. किराण्याच्या यादीला त्यानं अठरा घरं दिली की कपाटाची भिंतच सरकायची, आणि आत अक्षरांऐवजी बेवारशी चिन्हांची जत्रा. माहेरचं काम तेव्हा रेंगाळलेलं. मग डेबियन, रेड हॅट, सूसे अशा सासरच्या मंडळींनी यूटीएफ-८ची ठिगळं वर्षानुवर्षं आपापल्या गोधडीत वागवली. अखेर २००९ साली ४.७.० या आवृत्तीत ही समज माहेरीच आली. काना-वेलांटीला किती घरं द्यायची यावर प्रोग्राम आणि टर्मिनल यांचं आजही एकमत होतंच असं नाही. पण भिंत तरी जागेवर राहिली.

आता उलटा दाखला. २००६ साली डेबियनच्या घरात ओपनएसएसएल या कुलपं बनवणाऱ्या प्रोग्रामला एक ठिगळ लागलं. मेमरी तपासणाऱ्या साधनानं कुरकुर केली म्हणून दोन ओळी बाजूला काढल्या. माहेरी मोघम विचारणा झाली होती, ठिगळ मात्र घरातच राहिलं. नेमक्या त्याच ओळी किल्लीत यदृच्छा कालवत होत्या! उरला फक्त प्रक्रिया-क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीला फार तर ३२,७६८ शक्यता. हे उघडकीला आलं मे २००८मध्ये. दोन वर्षं जगभर त्या कुटुंबातल्या दारांना मोजून काढता येतील अशा किल्ल्या होत्या, आणि टाका इतका सुबक की कुणाच्या डोळ्यांत भरला नाही.

आमचा भाचा परवा मोठ्या अभिमानानं सांगत होता, "मामा, मिडनाइट कमांडरचं एक ठिगळ मी तीन वर्षं सांभाळतोय."

"माहेरी कळवलंस का?"

"वेळ कुठाय?"

"दर आवृत्तीला उसवून शिवायला आहे?"

यावर त्यानं पोह्यांत लिंबू पिळलं. पुस्तकाच्या समीक्षेत अशाला मौनाचं सौंदर्य म्हणतात.

म्हणून माझी कसोटी टाक्यांच्या सुबकपणाची नाही. डेबियनच्या ठिगळांच्या डोक्यावर माहिती लिहायची रीत आहे : हे कशासाठी, कुणी केलं आणि 'फॉरवर्डेड', म्हणजे माहेरी कळवलं का? मी समीक्षक म्हणून ती ओळ आधी वाचतो. तिथं दुवा असेल तर ते ठिगळ शहाणं. 'गरज नाही' असेल तर कारण तपासावं, कारण काही वळणं खरोखरच फक्त सासरची असतात. 'नाही' असेल तर ते कर्ज आहे आणि व्याज दर आवृत्तीला भरायचं आहे. माहेरी पाठवलं म्हणजे चूक सापडेलच असं नाही, पण निदान ज्यांनी कापड विणलं त्यांच्या डोळ्यांखालून तरी ते जातं.

बाकी सगळ्या कलांत कलावंताला वाटतं, आपली कृती टिकावी. या एकाच कलेत उत्तम कृतीचं भाग्य नाहीसं होण्यात आहे. माहेरानं ठिगळ स्वीकारलं की सासरच्या यादीतून ती ओळ खोडायची, आणि गोधडी तेवढी हलकी होते. शिवणाऱ्याचं नाव बदलांच्या नोंदीत तळाशी कुठंतरी राहतं. वापरणारा एफ-पाच दाबतो, फाइल इकडून तिकडे जाते, आणि काहीच होत नाही. ते जे काहीच होत नाही ना, त्याला माझ्याकडून पाचपैकी पाच तारे.