पलटणीची साखळी

१ मार्च २०२४ च्या रात्री हैदराबादला पुणेरी पलटणीने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव केला आणि प्रो कबड्डीचा चषक पहिल्यांदाच पुण्याच्या नावावर लागला. सामना संपल्यावर आमच्या शेजारचे एक गृहस्थ गॅलरीत आले आणि म्हणाले, "जिंकलो खरे मास्तर, पण मजा काही आली नाही हो!" पुणेकर विजयातही उणे काढल्यावाचून राहत नाही हे मला ठाऊक आहे, मीही त्यातलाच. तरीपण हा अभिप्राय मनात घर करून बसला. कारण तो एका दृष्टीने खरा होता आणि दुसऱ्या दृष्टीने साफ चुकीचा.

खरा एवढ्यासाठी, की तो अंतिम सामना डोळे दिपवणारा नव्हता. दोन्ही बाजू जपून खेळल्या. रिकाम्या चढाया करायच्या, तिसऱ्या चढाईची वाट पाहायची, समोरच्याने चूक करावी म्हणून दबा धरायचा, असा तो मामला. पूर्वार्धात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण टिपले तेव्हा कुठे कोंडी फुटली. उत्तरार्धाच्या आरंभीच हरियाणावर लोण चढला. पुढे हरियाणाने चिवटपणे अंतर कमी केले आणि शेवटी तीनच गुणांचा फरक उरला. पंकजचे नऊ गुण सोडले तर सांगण्यासारखा एकट्याचा पराक्रम त्यात फारसा नाही.

परंतु शेवटचे प्रकरण वाचून कादंबरीवर मत देणाऱ्या वाचकाला आपण काय म्हणतो? हंगाम ही कादंबरी आहे. अंतिम सामना हे तिचे शेवटचे पान. आणि ही कादंबरी २ डिसेंबर २०२३ ला, दहाव्या पर्वाच्या पहिल्या सामन्याने, सुरू झालेली नाही. तिचे पहिले प्रकरण १७ डिसेंबर २०२२ चे आहे. त्या दिवशी मुंबईत, नवव्या पर्वाच्या अंतिम सामन्यात, पलटण जयपूरकडून २९-३३ अशी हरली. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघे दुखापतींमुळे त्या सामन्यात खेळूच शकले नव्हते. त्याच्याही मागे जायचे तर २०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन पर्वांत आपली पलटण आठ संघांत तळाशी होती. अशा घराण्यात हा चषक आला आहे, हे विसरून त्याची चव कळणार नाही.

आता या कथेतली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट सांगतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगचौ येथे आशियाई खेळांत कबड्डीचा अंतिम सामना झाला. भारत विरुद्ध इराण. शेवटच्या मिनिटांतल्या एका चढाईवरून वाद पेटला. सुमारे तासभर खेळ थांबला, खेळाडूंनी मॅटवरच बैठक मारली. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. भारताच्या संघात अस्लम होता, इराणच्या संघात मोहम्मदरझा शादलू. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणीने दोन कोटी पस्तीस लाख रुपये मोजून त्याच शादलूला घेतले! दोन महिन्यांच्या आत अस्लम त्याचा कर्णधार झाला. परवा ज्याच्याशी झुंजलो, आज त्याच्याच हातात हात घालून उभे राहायचे. कादंबरीत मी असा योगायोग घातला असता तर संपादकांनी लाल रेघ मारून परत पाठवला असता.

'हातात हात घालून' हे मी अलंकार म्हणून लिहिलेले नाही. कबड्डीचा बचाव साखळीने होतो. डाव्या कोपऱ्यात शादलू, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, मध्ये संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन. इराण, हरियाणा, महाराष्ट्र, तमिळनाडू. यांची भाषा एक नाही. चढाईपटू आत आला, की कोपऱ्याने कधी झेप घ्यायची आणि शेजाऱ्याने कधी धावून जायचे, हे बोलून ठरवायला वेळ नसतो. तीस सेकंदांची चढाई. त्यात निर्णयाचा क्षण डोळ्याची पापणी लवेल एवढाच. एक जण अधीर झाला तर सारी साखळी तुटते. शादलू स्वभावतः अधीर, धाडसी. चढाईपटू मागे वळण्याच्या आत त्याच्यावर तुटून पडणारा. अशा खेळाडूला एकट्याने झेपावू द्यायचे आणि मागे बाकीच्यांनी त्याची पाठराखण करायची, ही शिस्त या संघाने घडवली. त्याचे श्रेय प्रशिक्षक बी. सी. रमेश यांना द्यायला हवे. बंगळुरू आणि बंगाल यांना त्यांनी पूर्वी चषक मिळवून दिले होते; पुण्याचा हा त्यांचा तिसरा.

फळ काय मिळाले ते आकड्यांत पाहा. साखळी फेरीत बावीस सामने, त्यांत सतरा विजय, तीन बरोबरी आणि दोनच पराभव. शहाण्णव गुणांनिशी अव्वल स्थान. उपांत्य सामन्यात पाटण्यावर ३७-२१ अशी मात. आणि गंमत अशी, की हंगामात सर्वाधिक चढाई-गुण मिळवण्याचा मान दिल्लीच्या आशू मलिककडे गेला, आपल्या कोणाकडे नाही. आपल्याकडे चढाईचा भार अस्लम, मोहित आणि पंकज यांनी वाटून घेतला होता. सर्वोत्तम खेळाडू मात्र अस्लम ठरला. नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा हा मुलगा चढाईही करतो आणि वेळ आली की पकडीतही उतरतो. चांगल्या एकत्र कुटुंबात कर्ता पुरुष जसा बाजारही करतो आणि विहिरीचे पाणीही ओढतो, तसे हे कर्तेपण. शेजाऱ्यांना मजा आली नाही ती याचमुळे. आपण नायक शोधत होतो आणि समोर कुटुंब खेळत होते.

एवढी स्तुती केल्यावर दोष न दाखवणे हा लबाडपणा होईल. पहिला दोष भाषेचा. हा खेळ आपल्या मातीत वाढला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी १९३६ साली तो बर्लिनला नेऊन दाखवला. बुवा साळवींसारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्या खेळाला चढाई, पकड, लोण, निदान रेषा, दम असे रसरशीत शब्द आहेत. दूरदर्शन संचासमोर बसलेली माझ्या वर्गातली मुले आता रेड, टॅकल, ऑलआऊट म्हणतात. परके शब्द आले याचे मला दुःख नाही. शब्द पाहुण्यासारखे येतातच. घरचे शब्द माजघरातून बाहेर यायला लाजू लागले, याचे दुःख आहे. 'दम' या एका अक्षरद्वयात श्वासही आहे आणि धमकही आहे. 'रेड'मध्ये पोलिसांची धाड तेवढी ऐकू येते.

दुसरा दोष गंभीर आहे. ज्या लिलावाने ही साखळी जुळवली त्याच लिलावाने ती तोडली. पुढच्याच पर्वात शादलू हरियाणाकडे गेला. २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पहिल्यांदा चषक जिंकला, तोही आपल्या पुण्यात, बालेवाडीला. आणि पलटण त्याआधीच स्पर्धेबाहेर पडली होती. २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोचली आणि दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. दिल्लीच्या बाजूला होता फजल अत्राचली, २०२२ च्या त्या मुंबईच्या सामन्यातला आपला कर्णधार! व्यवहार म्हणून हे सारे बिनचूक आहे. खेळाडूला चार पैसे मिळतात, गावाकडच्या घराला पत्रे जाऊन स्लॅब पडतो, याचा मला आनंदच आहे. पण प्रेक्षकाने जीव कोणावर लावायचा? लिलावात नावे फिरतात, बंडीचा रंग मात्र तोच राहतो. मग आपण काय रंगावर प्रेम करायचे?

या प्रश्नाचे उत्तर मी बरेच दिवस शोधत होतो. मला वाटते, 'आपला' हा शब्द आपण जन्माच्या दाखल्यावर तोलतो, तिथेच चुकतो. पुणे तरी कोणाचे आहे? इथल्या निम्म्या घरांचे मूळ गाव विचारले तर उत्तर कोकण, नगर, सोलापूर असेच येते. शादलू पुण्याचा होता तो एकाच हंगामापुरता. त्या हंगामात पकडीचे नव्व्याण्णव गुण मिळवून तो स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि ते सारे गुण त्याने आपल्या साखळीतून मिळवले. त्याने हात दिला होता आणि शेजाऱ्याने तो घट्ट धरला होता. आपलेपणा म्हणतात तो याहून निराळा काय असतो? तो किती दिवस टिकला यापेक्षा, होता तेव्हा खरा होता की नाही, हे महत्त्वाचे.

म्हणून शेजाऱ्यांना माझी एक सूचना आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी आहेत, फराळाची ताटे समोर आहेत. तो अंतिम सामना पुन्हा एकदा लावावा. या खेपेस चढाई करणाऱ्याकडे पाहूच नये. पाहावे ते मागे उभ्या असलेल्या गड्यांच्या हातांकडे. ते कधी सुटतात, कधी जुळतात, कोण कोणाची वाट पाहतो. मजा तिथे आहे. आणि मुलांनी विचारलेच, की हे काय चालले आहे, तर त्यांना सांगावे, "याला साखळी म्हणतात रे." निदान तो एक शब्द तरी घरात राहील.