एक कोटी दहा लाख विटा, पण कुठल्या पुलाच्या?

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य होतं : 'इंग्लंडमधला स्टॉकपोर्टचा रेल्वे व्हायाडक्ट १ कोटी १० लाख विटांचा असून तो जगातला सर्वांत मोठा आहे.' माझा विषय चुन्याचं मॉर्टर. त्यामुळे सुरुवातीलाच एखादं भव्य उदाहरण टाकलं की प्रकरण कसं भारदस्त वाटतं! गाईडसरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'कुठला पूल? कधीचा? मोठा म्हणजे काय?'

खरं सांगतो, राग आला. प्रस्तावनेतली एक ओळ, तिचं एवढं काय? पण ते तीन प्रश्न घेऊन बसलो आणि पुढचे दोन आठवडे मॉर्टर बाजूला राहिलं. तुम्ही पेट-नेटची तयारी करताय, उद्या सिनॉप्सिस लिहाल, तेव्हा अशी एक तरी ओळ तुमच्याही हातून जाणारच. म्हणून आज या व्हायाडक्टचा इतिहास ज्या पद्धतीने सांगितला जातो, त्याची थोडी चिरफाड करू.

आधी पूल बघून घ्या. मँचेस्टरच्या दक्षिणेला, मर्सी नदीच्या खोल दरीत स्टॉकपोर्ट हे सूतगिरण्यांचं शहर. मँचेस्टर अँड बर्मिंगहॅम रेल्वे या कंपनीला आपला मार्ग या दरीवरून न्यायचा होता. अभियंता जॉर्ज वॉटसन बक. काम १८३९ ला सुरू झालं आणि १८४० संपता संपता पूल उभा राहिला. उंची साधारण ३४ मीटर, लांबी साधारण ५४६ मीटर, मोठ्या कमानी २२ आणि प्रत्येकीचा गाळा ६३ फूट. मँचेस्टर-लंडन गाड्या आजही त्यावरूनच जातात.

आता तो आकडा. कुणी आकडा फेकला की आपण दोनच गोष्टी करतो, लगेच मान्य करतो किंवा लगेच नाक मुरडतो. तिसरी गोष्ट पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत होते. वीट जोडासकट ९ × ४.५ × ३ इंच धरा. म्हणजे जवळपास २ लिटर. १ कोटी १० लाख विटा म्हणजे २२,००० घनमीटर. त्याला ५४६ ने भागा, लांबीच्या दर मीटरमागे ४० घनमीटर वीटकाम आलं. दोन रुळांपुरती ९ मीटर रुंदी आणि सरासरी २५ मीटर उंची धरून हा पूल भिंतीसारखा भरीव बांधला असता, तर दर मीटरला २२५ घनमीटर लागलं असतं. म्हणजे वीटकाम साधारण पाचवा हिस्सा. बाकी कमानींची पोकळी, दगड, भराव. पटण्यासारखं आहे. हिशेबाने आकडा सिद्ध होत नाही हं, पण एखादं शून्य जास्त पडलेलं असतं तर इथेच कळलं असतं.

मग घोळ कुठे आहे? घोळ आकड्यात नाहीच, तो ज्याला चिकटवलाय त्या वस्तूत आहे. मी हिशेब दोन रुळांचा केला, आणि हा आकडाही मूळ बांधकामाचाच आहे. पण १८८० च्या दशकाच्या अखेरीस हा पूल चार रुळांसाठी रुंद केला गेला. आज खाली उभं राहून वर बघितलं तर जे दिसतं ते १८४० चं आणि त्या रुंदीकरणाचं मिळून एक बांधकाम आहे. आजच्या पुलाचा फोटो लावायचा आणि खाली १८४० चा आकडा लिहायचा, हे म्हणजे मुलाच्या लग्नाच्या फोटोखाली त्याचं जन्माचं वजन लिहिण्यासारखं झालं. माझ्या वाक्यात तेच होतं, वर 'आहे' असं ठणकावून वर्तमानकाळात.

'सर्वांत मोठा' हा तर आणखी मोठा गोंधळ. जर्मनीत साक्सनीमधला ग्योल्च दरीवरचा रेल्वे पूल १८५१ मध्ये पूर्ण झाला. त्यात २ कोटी ६० लाख विटा आहेत आणि उंची ७८ मीटर. म्हणजे स्टॉकपोर्टचा पहिला नंबर फार तर दहा-अकरा वर्षांचा, असं म्हणून मी खूश झालो. पण तेवढ्यात लंडन आणि ग्रिनिच रेल्वे आडवी आली. १८३६ ते १८३८ दरम्यान टप्प्याटप्प्याने सुरू झालेला हा मार्ग सलग ८७८ कमानींवर उभा आहे आणि त्याला सुमारे ६ कोटी विटा लागल्या. स्टॉकपोर्टचा पाया खणायच्या आधीच! मग स्टॉकपोर्ट पहिला कसा? तर लंडनच्या त्या लांबलचक कमानींच्या रांगेला तुम्ही स्पर्धेत धरलं नाही, फक्त दरी ओलांडणारे पूल धरले, तरच. सरांच्या 'मोठा म्हणजे काय?'चा अर्थ मला इथे कळला. व्याख्या आधी सांगितली नाही तर विक्रम कुणाच्याही नावावर लावता येतो. आपल्या पेपरांमध्ये 'हायेस्ट रिपोर्टेड एफिशियन्सी' वाचताना हे आठवून बघा.

याच पुलाबद्दल दुसऱ्या प्रकारचं लेखनही आहे, आणि मला ते जास्त शिकवून गेलं. फ्रिडरिक एंगल्स १८४२ च्या अखेरीस मँचेस्टरला आला. वडिलांची भागीदारी असलेल्या सूतगिरणीत काम करायला. इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या स्थितीवरचं त्याचं पुस्तक १८४५ ला जर्मनमध्ये निघालं. त्यात स्टॉकपोर्टला जेमतेम एक परिच्छेद मिळालाय. हे गाव धुराने काळवंडलेलं आहे, आणि विशेषतः व्हायाडक्टवरून बघितलं तर फारच किळसवाणं दिसतं, असं तो म्हणतो. लक्षात घ्या, निरीक्षक कुठे उभा आहे ते त्याने सांगितलंय. आणि तो वरच थांबत नाही. लगेच म्हणतो की त्याहून वाईट आहेत त्या दरीच्या तळापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत पसरलेल्या कामगारांच्या घरांच्या रांगा आणि तळघरं. लोक राहत असलेली इतकी तळघरं या भागातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात पाहिल्याचं मला आठवत नाही, असंही लिहितो.

हेही एक 'सर्वांत' आहे की! पण त्याला कुंपण आहे : या भागात, मी पाहिलेल्यांत, माझ्या आठवणीप्रमाणे. तुम्हाला ते खोडून काढायचं असेल तर कुठे जाऊन काय मोजायचं हे त्यानेच सांगून ठेवलंय. एंगल्स तटस्थ अजिबात नव्हता, पुस्तक सरळसरळ आरोपपत्र आहे, आणि किती तळघरं हे तो इथे सांगत नाही, ही त्याची उणीव धराच. तरीही त्याचा दावा तपासता येतो. माझा येत नव्हता, आणि माझ्याकडे तर आकडा होता.

आणि विटा मोजण्याच्या नादात काय निसटतं तेही बघा. १० ऑगस्ट १८४२ ला हा रेल्वेमार्ग क्रू गावापर्यंत पूर्ण सुरू झाला. रेल्वेच्या इतिहासात ही तारीख हमखास असते. त्याच आठवड्यात मजुरीकपातीविरुद्ध संपावर गेलेल्या जमावाने स्टॉकपोर्टच्या अनाथगृहावर, म्हणजे निराधार गरिबांना कामावर जुंपून ठेवत त्या वर्कहाऊसवर, हल्ला करून पाव उचलून नेले. कापडधंदा बसला होता, गिरण्या बंद पडत होत्या. या दोन गोष्टी एकाच गावच्या, एकाच आठवड्यातल्या. पण एक रेल्वेच्या पुस्तकात आणि दुसरी कामगार चळवळीच्या. पुलामुळे उपासमार झाली असं मी म्हणत नाहीये, तो निष्कर्ष ओढूनताणून होईल. पण फक्त एकाच कपाटातली पुस्तकं वाचली तर दुसरी गोष्ट घडली होती हेसुद्धा कळत नाही. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण एकाच डेटाबेसमध्ये एकच कीवर्ड टाकतो तेव्हा हेच होतं.

चित्रकार लॉरीबद्दल थोडक्यात. एल. एस. लॉरीने हा व्हायाडक्ट पुन्हा पुन्हा काढला. १९५५ च्या 'इंडस्ट्रियल लँडस्केप' या तैलचित्रात तो दूर मागे दिसतो, पण ते दृश्य काल्पनिक आहे. पूल उचलून त्याने मनातल्या शहरात ठेवला. त्यामुळे कमानींभोवती काय होतं याचा पुरावा म्हणून हे चित्र वापरू नका. पण शंभर वर्षांनी 'गिरण्यांचं शहर' म्हटलं की या भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येत होतं, याचा पुरावा म्हणून ते पक्कं आहे. लॉरी नोकरीने घरभाडं वसूल करणारा कारकून होता, दारोदार हिंडणारा. एंगल्सने वरून बघितलेल्या गल्ल्यांसारख्याच गल्ल्या त्याने खालून बघितल्या.

सरांना दिलेलं नवीन वाक्य असं : 'स्टॉकपोर्ट (इंग्लंड) येथील दरी ओलांडणाऱ्या रेल्वे व्हायाडक्टच्या मूळ, दोन रुळांच्या बांधकामात (१८३९–४०) सुमारे १ कोटी १० लाख विटा वापरल्या गेल्या, पुढे १८८० च्या दशकाच्या अखेरीस तो रुंद करण्यात आला.' 'जगातला सर्वांत मोठा' काढून टाकलं. वाक्य पहिल्याइतकं भारदस्त राहिलं नाही, आणि यावेळी समास कोरा आला.