गिलमन हॉलमधल्या दोन खोल्या

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला गिलमन हॉल पाहायला गेलेल्या माणसाला आधी तिसऱ्या मजल्यावर नेतात. तिथे उतरत्या छपराखाली ३०७ क्रमांकाची एक लहानशी खोली आहे. आर्थर वाल, जोसेफ केनेडी आणि ग्लेन सीबॉर्ग यांनी याच खोलीत प्लुटोनियमची रासायनिक ओळख पटवली, म्हणून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. पण या वास्तूचे वाचन तिथून सुरू केले, तर उपसंहार आधी वाचल्यासारखे होते. सुरुवात करायची ती सेमिनारच्या टेबलापासून.

गिल्बर्ट लुईस १९१२ मध्ये इथल्या रसायन महाविद्यालयाचे प्रमुख झाले. जॉन गॅलन हॉवर्ड यांनी आखलेली ही काँक्रीटची इमारत १९१७ मध्ये उभी राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी लुईस यांनी दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात, ही कल्पना मांडली होती. आपल्याकडे अकरावीचा विद्यार्थी मूलद्रव्याच्या चिन्हाभोवती जे ठिपके काढतो, ते त्यांचेच. तरी त्यांची खरी निर्मिती या इमारतीतले साप्ताहिक सेमिनार ही म्हणावी लागेल. मधल्या टेबलाभोवती प्राध्यापक, मागे विद्यार्थी आणि टेबलाच्या टोकाला सिगार घेतलेले लुईस. प्रश्न कुणी विचारला याला तिथे महत्त्व नसे. प्रश्नात दम हवा, एवढेच. व्याख्यानांचा भार कमी ठेवून विद्यार्थ्याला लवकर संशोधनाला जुंपायचे, ही इथली रीत होती.

या रीतीला फळे आली. विल्यम जिओक यांनी १९३३ मध्ये चुंबकीय पद्धतीने निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या पाव अंशापर्यंत तापमान उतरवले आणि १९४९ चे नोबेल मिळवले. लुईस यांचे विद्यार्थी हॅरल्ड युरी यांना जड हायड्रोजनच्या शोधासाठी १९३४ मध्येच नोबेल मिळाले होते. स्वतः लुईस यांना मात्र अनेकदा शिफारस होऊनही ते कधीच मिळाले नाही.

आता वर ३०७ मध्ये जाऊ. सीबॉर्ग याच टेबलामागे बसून शिकलेले, पुढे लुईस यांचेच संशोधन-सहायक. २३ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री या खोलीत जे होते ते डोळ्यांना दिसण्याइतकेही नव्हते; त्याच्या अस्तित्वाची खूण म्हणजे मोजयंत्रावर उमटणारे अल्फा किरण. सायक्लोट्रॉनमध्ये युरेनियमवर मारा करून मिळालेला हा पदार्थ थोरियमबरोबर साका होऊन खाली बसत होता. मग तो थोरियमच कशावरून नाही? सेमिनारमध्ये कुणीही विचारला असता असाच हा प्रश्न. तेव्हा पीएच.डी. करत असलेल्या वाल याने जोरदार ऑक्सिडीकारक वापरला. थोरियम खाली बसले, अल्फा किरण देणारा पदार्थ द्रावणातच राहिला. ज्ञात मूलद्रव्यांत न बसणारे हे वर्तन म्हणजे ९४ व्या मूलद्रव्याची पहिली ओळख. उत्तर असे नेमके येते, कारण प्रश्नच नेमका विचारलेला असतो.

इथे या वास्तूच्या कथेला पीळ पडतो. ज्या टेबलाने हा प्रश्न विचारायला शिकवले, त्या टेबलावर उत्तर मांडता येत नव्हते. या मूलद्रव्याच्या एका समस्थानिकाचे विखंडन होते, हे साधारण महिनाभरातच कळले; त्यातून बॉम्ब होऊ शकत असल्याने शोध गुप्त ठेवला गेला आणि त्याचा निबंध १९४६ पर्यंत छापला गेला नाही. त्याआधी जगाला प्लुटोनियमची ओळख झाली ती ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीत. त्या टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या लुईस यांचे निधन १९४६ च्या मार्चमध्ये प्रयोगशाळेतच झाले.

म्हणून मला गिलमन हॉल ही विजयाची वास्तू वाटत नाही, आणि अपराधाचीही नाही. विज्ञानाला दोन खोल्या लागतात, हे ती दाखवते: एक जिथे चूक सगळ्यांसमोर काढली जाते आणि एक जिथे एकट्याने रात्रभर काम करता येते. दुसरीला कुलूप लागले, तरी पहिलीतली शिस्त आतल्या प्रयोगाला नेमकेपणा देत राहते. पण त्या प्रयोगाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न विचारायला मग टेबलाभोवती कुणी उरत नाही. मानाची पाटी ३०७ ला मिळाली हे ठीकच; या वास्तूचे मोठेपण मात्र त्या टेबलात आहे.