पुनर्श्रवण आणि संहिता : इंटरनेटवरील अभिजात ब्रिटिश नभोनाट्य

प्रस्तावना

नभोनाट्य हे मुळात एकदाच ऐकले जाण्यासाठी लिहिले जात असे. ठरलेल्या वेळी ते प्रक्षेपित होई आणि त्यानंतर श्रोत्याजवळ केवळ त्याची आठवण उरे. छापील नाटकाच्या वाचकाला मागील पान पुन्हा उलटता येते. नभोवाणीच्या श्रोत्याला ती सोय नव्हती. बीबीसीने १५ डिसेंबर २००२ रोजी ‘बीबीसी ७’ ही वाहिनी सुरू केली आणि संग्रहातील विनोदी कार्यक्रम व नाटके इंटरनेटवरूनही ऐकता येऊ लागली. २०११ मध्ये याच वाहिनीचे ‘रेडिओ ४ एक्स्ट्रा’ असे नामकरण झाले. या उपलब्धतेकडे सहसा स्मरणरंजनाची सोय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः पुनर्श्रवणामुळे या कलाकृती अभ्यासाच्या संहिता ठरल्या असून, त्यांचे गुण आणि दोष ध्वनीतच तपासले पाहिजेत, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ध्वनीची रचना

रिचर्ड ह्यूज यांचे ‘डेंजर’ हे नाटक १५ जानेवारी १९२४ रोजी प्रक्षेपित झाले. खास नभोवाणीसाठी लिहिलेल्या आरंभीच्या नाटकांत त्याचे स्थान अग्रक्रमाचे आहे. कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि पात्रे अंधारात सापडतात. पात्रांना दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही. माध्यमाची उणीव हाच येथे नाटकाचा आशय झाला आहे.

‘द गून शो’ (१९५१ ते १९६०) या मालिकेने याच अदृश्यतेचा विनोदासाठी वापर केला. तिचे प्रमुख लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला होता. १९५५ मधील ‘नेपोलियन्स पियानो’ या भागात पॅरिसहून इंग्लंडला न्यावयाचा पियानोच नौकेसारखा समुद्रात लोटला जातो. रंगमंचावर हे दृश्य यांत्रिक करामतीचे ठरले असते. ध्वनीत मात्र ते सहज घडते, कारण दृश्याची जुळणी श्रोत्याच्या मनात होते.

‘हॅनकॉक्स हाफ अवर’चे लेखक रे गॅल्टन व अॅलन सिम्पसन यांनी नेमका उलट मार्ग स्वीकारला. १९५८ मधील ‘संडे आफ्टरनून ॲट होम’ या भागात जवळजवळ काहीच घडत नाही. कंटाळलेली माणसे, सुस्कारे आणि लांबलेली शांतता एवढ्यावरच अर्धा तास उभा आहे. लिखित संहितेत ‘विराम’ हा एक शब्द असतो. ऐकताना त्याची लांबी, त्यातील अवघडलेपण आणि त्यानंतर उसळणारे प्रेक्षकांचे हसे यांतून विनोद सिद्ध होतो. सॅम्युएल बेकेट यांच्या ‘ऑल दॅट फॉल’ (१९५७) बाबतही हेच म्हणता येते. डोनल्ड मॅक्विनी यांच्या निर्मितीत प्राण्यांचे आवाज माणसांकडून काढून घेतले होते. ग्रामीण परिसराचे वास्तव चित्रण करण्याऐवजी तो परिसर नायिकेच्या जाणिवेतून ऐकू यावा, असा त्याचा परिणाम होतो. ही कृती केवळ पुस्तकातून शिकविल्यास तिचा निम्मा अर्थ वर्गाबाहेर राहतो.

श्रोता बदलल्यावर

या कार्यक्रमांचा अपेक्षित श्रोता तत्कालीन ब्रिटिश कुटुंब हा होता. इंटरनेटमुळे तो श्रोता बदलला. ‘द गून शो’मधील लालकाका आणि बॅनर्जी ही मिलिगन व पीटर सेलर्स यांनी रंगविलेली पात्रे आज भारतीय श्रोत्याच्या कानी पडतात, तेव्हा त्यांच्याकडे निरागस विनोद म्हणून पाहणे अवघड जाते. या मालिकेत इंग्रज अधिकाऱ्याचीही भरपूर टिंगल आहे, असा बचाव करता येईल. तथापि मेजर ब्लडनॉकचे हास्यास्पदत्व त्याच्या भित्रेपणातून व लोभातून येते, तर या दोन पात्रांचे मुख्यतः त्यांच्या उच्चारांच्या ढबीतून. पुनर्श्रवणाने हा भेद स्पष्ट होतो. म्हणून असे भाग वगळण्यापेक्षा ते प्रक्षेपणवर्षाच्या नोंदीसह ऐकविणे अधिक उचित होय.

उपलब्धतेच्या मर्यादा

जे ऐकावयास मिळते ते सर्व नव्हे, याचेही भान आवश्यक आहे. अनेक ध्वनिमुद्रणे जपली गेली नाहीत. ‘हॅनकॉक्स हाफ अवर’चे काही भाग आजही हरवलेलेच आहेत. त्यांतील निवडक संहितांवरून २०१४ पासून नव्या नटसंचासह पुनर्निर्मिती झाली. २००१ मध्ये बीबीसीने हरवलेल्या कार्यक्रमांसाठी जनतेला आवाहन केले होते. संस्थेने टाकून दिलेले श्रोत्यांनी घरच्या फितींवर जपले असू शकते, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती. इंटरनेटवरील उपलब्धताही शाश्वत नाही. जुलै २०२५ मध्ये ‘बीबीसी साउंड्स’ ही सेवा ब्रिटनबाहेरील श्रोत्यांसाठी बंद झाली. तेव्हा ‘अभिजात’ म्हणून समोर येणारा संच हा गुणवत्तेइतकाच योगायोग, व्यापार आणि धोरण यांचाही परिणाम आहे.

निष्कर्ष

पुनर्श्रवणाने नभोनाट्याला मुद्रित साहित्यासारखी तपासणीची शिस्त लाभली आहे. विरामाची लांबी, आवाजाचे अंतर व उच्चाराची ढब हे समीक्षेचे पुरावे म्हणून मांडता येतात. आस्वाद आणि चिकित्सा यांत येथे विरोध संभवत नाही. हॅनकॉकच्या शांततेला दाद देणारा कानच बॅनर्जीच्या उच्चारांवर उठणाऱ्या हशाची चौकशी करू शकतो. साहित्याच्या अध्यापनात श्रवणाला वाचनाच्या बरोबरीचे स्थान दिल्यासच हा कान घडेल.