तिऱ्हाईताची मध्यस्थी

परदेशीं जाणाऱ्या मनुष्याच्या खिशांत जें लहानसें संभाषणपुस्तक असतें, त्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. तथापि त्याची कसोटी काव्याच्या कसोटीहून कडक आहे. काव्य फसलें तर वाचक तें मिटून ठेवतो. संभाषणपुस्तक फसलें तर सकाळची कॉफी मिळत नाहीं, किंवा भलतीच मिळते.

फसलेल्या पुस्तकांपैकीं एक अजरामर झालें आहे. पेद्रू कारोलिनू ह्याचें, पोर्तुगीज लोकांस इंग्रजी शिकविणारें पुस्तक १८५५ सालीं पॅरिस येथें निघालें. त्यावर जोझे द फोन्सेका ह्या जाणत्या कोशकाराचेंही नांव होतें. परंतु आंतील इंग्रजी पाहतां त्यांत त्याचा हात असावा असें अभ्यासकांस वाटत नाहीं. १८८३ सालीं लंडनमध्यें त्यांतील वेंचे 'इंग्लिश ॲज शी इज स्पोक' ह्या नांवानें छापले गेले, आणि त्याच वर्षीं निघालेल्या अमेरिकन आवृत्तीस मार्क ट्वेननें प्रस्तावना लिहिली.

लोक हंसले ते त्यांतील व्याकरणास. आमच्या मतें मूळ दोष निराळा आहे. कारोलिनूस इंग्रजी येत नसावें, आणि पोर्तुगीज-फ्रेंच पुस्तक पुढें ठेवून फ्रेंच-इंग्रजी कोशाच्या आधारें त्यानें हें काम उरकलें असावें, असा तर्क आहे. दोन घरांची ओळख तिऱ्हाईतानें करून द्यावी आणि दोघांचींही नांवें चुकीचीं सांगावीं, तसा हा प्रकार झाला.

परंतु हंसण्यापूर्वीं आपण आपल्याकडे पाहिलेलें बरें. आमचा पदवीधर इस्तंबूलच्या कॉफीगृहांत शिरतो तो इंग्रजांसाठीं रचलेलें पुस्तक हातांत घेऊन. त्यांतलें लांबलचक विनयाचें वाक्य तो मोठ्या कष्टानें उच्चारतो. वाढणारा उलट कांहीं विचारतो, आणि येथें त्याची विद्या संपते. वास्तविक प्रश्न ठरलेला असतो: साखर किती? तेथें अत्यंत बारीक दळलेली पूड, पाणी आणि साखर हीं लांब दांड्याच्या लहान भांड्यांत एकत्रच विस्तवावर चढवितात. ओतल्यावर गाळ पेल्याच्या तळाशीं बसतो. मागाहून साखर घालून ढवळावें तर तो वर येतो. म्हणून गोडीचा निर्णय मागतांनाच द्यावा लागतो. बिनसाखरेची ती 'सादे', थोड्या साखरेची 'आझ शेकेरली', मध्यम ती 'ओर्ता' आणि गोड ती 'शेकेरली'. ह्या कॉफीच्या परंपरेस युनेस्कोनें २०१३ सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. जें पुस्तक कॉफी मागावयास शिकवितें, पण हे चार शब्द देत नाहीं, तें शब्द शिकवितें, व्यवहार शिकवीत नाहीं.

आतां हेच शब्द मराठी कानानें ऐकावे. 'सादे' म्हणजे आपला 'सादा'; दोघेही फारसींतले. 'शेकेर' ही आपल्या साखरेची बहीण. दोघींचें मूळ संस्कृत 'शर्करा'. उठतांना मागावयाचा 'हेसाप' म्हणजे आपला हिशेब. वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें, तेंही मराठीप्रमाणेंच. इंग्रज प्रवाशास जें नव्यानें घोकावें लागतें, त्यांतलें बरेंचसें मराठी मनुष्यास घरींच मिळालेलें असतें. इंग्रजीच्या वळशानें गेल्यामुळें तो तें गमावतो. हल्लीं खिशांतील यंत्रेंही भाषांतर करून बोलतात, आणि त्यांचा उपयोग कोणी नाकारणार नाहीं. परंतु अशीं कित्येक यंत्रें आंतल्या आंत इंग्रजीचीच वाट धरीत आलीं आहेत. कारोलिनूची पद्धत सुधारली आहे, संपलेली नाहीं.

नात्यांतले शब्द फसवितातही, हें मान्य केलें पाहिजे. आपला 'मुसाफर' म्हणजे वाटसरू. तुर्कीतला 'मिसाफिर' म्हणजे पाहुणा. असे सारखे आणि असे फसवे, दोन्ही शब्द नीट निवडून दाखविणारें, थेट मराठींतून तुर्कीकडे जाणारें छोटें पुस्तक कोणी जाणकारानें लिहावें, अशी आमची सूचना आहे. आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस जग पाहावयाचें तें इंग्रजांच्या खिडकींतूनच, अशी संवय जडली आहे. ती मोडण्याचा आरंभ एखाद्या पेलाभर कॉफीपासूनही करतां येईल.