चौकटीबाहेरचा कंद

गेल्या वर्षी भाद्रपदात, गौरी बसायच्या दोन दिवस आधी, पुतण्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. अंबाडी नाक्यापुढे वज्रेश्वरीच्या रस्त्याला गाडी थांबवून काढलेला. कुंपणावर चढलेली वेल, तिच्यावर पेटल्यासारखे लाल-पिवळे फूल आणि मागे सगळा हिरवा धूर. खाली प्रश्न : ‘काका, कसलं भारी फूल आहे! नाव काय?’ मी लिहिले, कळलावी. आणि पुढे लिहिले, उपटून पाहिली असशील तर हात धुऊन घे. त्याचा लगेच फोन. ‘का? काय आहे त्यात?’ मी फोटो पुन्हा उघडला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या फोटोत कुठेही नव्हते.

वनस्पतिशास्त्र मी कुठल्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. पण झाडाफुलांची चित्रे बरीच वर्षे जमवतो आहे. जुन्या ग्रंथांतली चित्रे, कॅलेंडरची पाने, फोटोंची पुस्तके. विषारी फुलझाडांचे त्यात एक वेगळे पाकीट आहे. त्या फोननंतर ते सगळे जमिनीवर पसरले आणि एकच प्रश्न घेऊन पुन्हा पाहिले : या चित्रांत विष कुठे आहे?

त्याआधी वेल प्रत्यक्ष पाहायला गेलो. भिवंडी तालुक्यात आता कुंपणांपेक्षा गोदामांच्या भिंती जास्त. तरी तानसेच्या बाजूला अजून बांध आहेत आणि बांधांवर कळलावी आहे. पानाचे टोक लांबून त्याचाच ताणा होतो आणि वेल त्याने आधार धरते. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग खालून पिवळ्या नि वर लाल, शेवटी पूर्ण लाल. मी फोटो काढत असताना शेजारच्या शेतातल्या एक कातकरी मावशी थांबून पाहत होत्या. म्हणाल्या, ‘फुलात काय बघता, दादा? त्याचं सगळं खाली हाय.’ आणि खुरप्याने माती उकरून त्यांनी कंद वर काढला. इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन बोटे फाकवल्यासारखा. सालीवरून रताळ्याचा भाऊ वाटावा असा. घरी येऊन मोजले : फुलाचे एकेचाळीस फोटो, कंदाचे दोन, आणि त्यातल्या एकात माझाच अंगठा मध्ये आलेला. म्हणजे पुतण्याला बोलायचा अधिकार मलाही नव्हता.

कळलावीच्या सर्व अंगांत कोल्चिसिन असते. कंदात आणि बियांत विशेष. हेच द्रव्य मोजून दिले तर संधिवाताच्या एका प्रकारावर औषध, म्हणून तमिळनाडूत या वेलीची बियांसाठी शेती होते. मात्रा वाढली की ते पेशींचे विभाजन थांबवते. ज्या पेशी सतत नव्या होत असतात, आतड्याच्या अस्तराच्या, अस्थिमज्जेच्या, त्यांना आधी फटका बसतो. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून माणूस आधी निर्धास्त राहतो. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्ल्याच्या नोंदी आहेत. तिथल्याच एका रुग्णाचे विषबाधेतून वाचल्यावर सगळे केस गळल्याची हकिकत १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. दरवर्षी पावसाळ्यात रानभाज्यांची हौस शहरांतून वाढते आहे आणि लोक फोटो पाहून रान ओळखायला शिकताहेत. तेव्हा फोटोत काय दिसते हा निव्वळ सौंदर्यशास्त्राचा प्रश्न राहत नाही.

आपल्या पूर्वजांनी या वेलीचे चित्र काढले नाही, पण नावे ठेवली. संस्कृतात एक नाव लांगली, म्हणजे नांगरासारखी. हे नाव वरून पाहून सुचणे शक्य नाही. जमीन उकरून कंद पाहिलेल्या माणसानेच ते ठेवले असणार. दुसरे गर्भपातिनी. मराठीतले कळलावी हेही बाळंतपणाच्या कळांवरून. कंदाचा लेप लावून कळा आणण्याचा उपाय जुना आहे. मग भाषेने आपला खेळ केला आणि ‘कळ लावणारी’ म्हणजे भांडण लावणारी असाही अर्थ तिला चिकटला. घरात ठेवली तर भांडणे होतात, असे सांगणारे मला आमच्या भागातही भेटले. फुलावरून ठेवलेले नाव अग्निशिखा. आणि कोकणात हीच वेल गौरीचे हात. एकाच वेलीच्या नावांत नांगर, बाळंतीण, भांडण, ज्योत आणि गौर. चित्रकाराला यातले एकच काढता येते, आणि तो बहुधा ज्योत काढतो.

लिनिअसने १७५३ साली हिला ग्लोरिओसा सुपर्बा म्हटले. दोन्ही शब्दांत थाट आहे, मातीखालचे काही नाही. पण त्याला दोष देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याची वर्गीकरणाची सगळी मांडणी पुंकेसर नि स्त्रीकेसर मोजण्यावर उभी होती. त्याच्या नंतरच्या चित्रकारांना फूल नुसते सुंदर म्हणून काढायचे नव्हते. फूल हाच झाडाच्या ओळखीचा पुरावा होता. शिवाय पुष्कळ चित्रे वाळवलेल्या नमुन्यांवरून होत, आणि जाड कंद कागदात दाबून वाळवता येत नाही. तो कापतात, सोलतात, नाही तर तिथेच टाकून येतात. कंद चित्रातून गळाला तो असा. अर्धा शास्त्राच्या गरजेने, अर्धा टिपकागदाच्या सोयीने.

लिनिअसच्या आधीचा मोठा चित्रग्रंथ म्हणजे डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याचा ‘होर्तुस मलाबारिकुस’. १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅमला बारा खंडांत छापला गेला. मराठी वाचकाने तो एकदा तरी उघडावा, कारण चित्रांवर लॅटिन, मल्याळी, अरबी लिपींबरोबर नागरीतही नावे कोरलेली आढळतात. रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांची त्या कामात साथ होती आणि त्यांचे कोंकणीतले प्रमाणपत्र नागरी अक्षरांतच छापले आहे. सातव्या खंडात कळलावी ‘मेंदोणी’ नावाने येते. मूळ छपाईत रंग नाहीत. ज्या फुलाचे सारे वैभव रंगात, ते इथे फक्त काळ्या रेषेत भेटते, आणि मला ते चित्र त्यामुळेच मोलाचे वाटते. रंग काढून घेतल्यावर डोळा वेलीच्या बांध्याकडे वळतो. पानाचा ताणा कसा निघतो, फूल मान कशी खाली घालते, हे रंगीत फोटोत मी कधी नीट पाहिलेच नव्हते. पहिल्या खंडातला ‘कानिरम्’ म्हणजे आपला काजरा, ज्याच्या बियांतून स्ट्रिक्निन निघते. तो १८८७ साली जर्मनीत निघालेल्या क्योलरच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात पुन्हा भेटतो, या वेळी रंगीत. आणि फुलाच्या फांदीइतकाच मान कापलेल्या फळाला आणि आतल्या चपट्या, बटणासारख्या बियांना आहे. काजऱ्याचे फूल तसे सामान्य, म्हणून चित्रकाराला मोह पडला नसेल, असे कुणी म्हणेल. पण त्याच ग्रंथातल्या कोल्चिकमच्या चित्रातही देखण्या जांभळट फुलाबरोबर त्याचा कंद आहे. कोल्चिसिनला नाव मिळाले ते या झाडावरून. औषधविक्याच्या कामाचे पुस्तक होते. त्याला फूल विकायचे नव्हते.

धोतऱ्याची कथा आणखी बोलकी आहे. गार्सिया द ओर्त याचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. हा तोच पोर्तुगीज वैद्य, ज्याच्याकडे मुंबई बेट पट्ट्याने होते. त्यात धोतऱ्यावर एक संवाद आहे आणि त्याचा विषय फूल नसून चोरी आहे : खाण्यातून धोतरा द्यायचा आणि माणूस भ्रमिष्टासारखा हसत बसला की घर लुटायचे. पुढे इंग्रजी अमलात वाटसरूंना असेच लुटणाऱ्यांना धतुरिये म्हणत. या गुन्ह्यांमुळे धोतऱ्याचे जे चित्र तयार झाले, ते मला सर्व विषारी झाडांच्या चित्रांत श्रेष्ठ वाटते. ते कुठल्याही कलादालनात नाही. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. धोतऱ्याचे बी आणि मिरचीचे बी शेजारी शेजारी, दोन्ही उभी कापलेली. अन्नात मिसळली तर दोन्ही सारखी दिसतात, म्हणून हा खटाटोप. मिरचीचे बी पातळ, फिकट पिवळे, आतला अंकुर इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळलेला. धोतऱ्याचे बी जाड, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे, अंगावर बारीक खळगे, आणि अंकुराचे टोक बाहेर वळलेले. या दोन वळणांतल्या फरकावर खटल्यांत साक्षी झाल्या. तिथे चित्रकाराचा हात जरा जरी घसरता, तर न्याय घसरला असता.

याच झाडाचे जगातले सर्वांत महागडे चित्र जॉर्जिया ओकीफ यांचे. १९३२ सालच्या त्यांच्या कॅनव्हासवर धोतऱ्याचे एकच पांढरे फूल जवळजवळ कडेपर्यंत भरून आहे. २०१४ साली ते चार कोटी चव्वेचाळीस लाख डॉलरना विकले गेले. स्त्री चित्रकाराच्या कलाकृतीला तोवर लिलावात एवढी किंमत आली नव्हती. चित्र मोठे आहे यात वाद नाही. पाहणारा फुलात ओढला जातो. पण आजचा मोबाइल फोटो याच चित्राचा वारस आहे. फुलाला इतके जवळ घ्यायचे की झाड उरत नाही. ओकीफ यांच्याकडे त्यामागे दृष्टी होती. आमच्याकडे लेन्स आहे.

आपल्याकडे या विषयाला वाहून घेतलेला माणूस होऊन गेला आणि वाङ्मयाच्या वाचकांनी त्याला विसरू नये. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९-१९१७). पेशाने लष्करी वैद्यकीय सेवेतले शल्यवैद्य, मराठीत कवी. टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’वरून ‘इंदिरा’ लिहिणारे, १९०९ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांनीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘मुंबईच्या विषारी वनस्पती’ अशी सचित्र लेखमाला चालवली. इंग्रजीत. कविता मराठीत आणि विष इंग्रजीत, ही त्यांनी केलेली वाटणी मला आजही सलते. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता हे मान्य. पण विषाशी गाठ पडणारा माणूस, बांधावरचा, मराठी बोलत होता. बामनदास बसू यांच्यासह केलेला त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींचा महाग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली अलाहाबादहून निघाला. त्यात हजारावर चित्रपृष्ठे आहेत. पण बरीचशी आधीच्या वनस्पतिग्रंथांवरून उतरवलेली. वर्गीकरण करणाऱ्याने केसर मोजण्यासाठी काढलेले चित्र असे वैद्याच्या पुस्तकात येऊन बसले. वैद्याला हवे असलेले मूळ, साल, बी त्यात असेलच असे नाही. अर्थात ग्रंथाचा व्याप पाहता ही तक्रार कोत्या मनाची वाटेल. असो.

फोटोंच्या पुस्तकांकडे येतो. श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ २००१ साली आले आणि माझ्यासारख्यांना रानात हात धरून नेणारे ठरले. त्याचे नावच फुलांचे आहे. त्याने कंद का दाखवला नाही असे विचारणे अन्याय होईल. माझी तक्रार त्याच्यामागून आलेल्या आमच्या सवयीशी आहे. फूल देखणे तर झाड चौकटीत, नाही तर झाडच नाही. मोगली एरंड पाहा. गुरे खात नाहीत म्हणून आमच्याकडे कुंपणाला लावतात. फूल बारीक, हिरवट-पिवळे, कुणी वळूनही पाहणार नाही. बी मात्र चवीला शेंगदाण्यासारखे, म्हणून शाळेत जाणारी पोरे खातात आणि उलट्या सुरू झाल्यावर रुग्णालयात न्यावी लागतात. अशा बातम्या महाराष्ट्रात पुनःपुन्हा येतात. माझ्या पाकिटात मोगली एरंडाचा एकही फोटो नव्हता. बिट्टीचे उलट : पिवळी घंटेसारखी फुले शंकराला वाहायची, म्हणून फुलाचे फोटो डझनभर. हृदयाचे ठोके बिघडवणारे विष बियांत सर्वांत जास्त असते. त्या बिया ज्या कठीण बाठ्यात असतात त्या बाठ्यांनी आम्ही लहानपणी खेळलो, आणि त्याचा फोटो एकच. श्रीलंकेत १९८०नंतर याच बियांनी आत्महत्यांची लाट आली होती.

कार्तिक संपता संपता मी पुन्हा त्या बांधावर गेलो. वेल वाळून तारेसारखी झाली होती. बोंडे उकलली होती आणि आत लालबुंद बिया ओळीने बसलेल्या. मावशी दिसल्या नाहीत. मी खुरपे घेऊनच गेलो होतो. जुना कंद सुकून रिकामा झाला होता. त्याच्याजवळ नवा, तसाच दुबेळका, पुढच्या पावसाची वाट पाहत. जुन्या वर्तमानपत्रावर तो ठेवला, शेजारी रताळे ठेवले, पट्टी ठेवली, उकललेले बोंड ठेवले, आणि सावली पडणार नाही असा उभा राहून एकच फोटो काढला. घरी येऊन हात दोनदा धुतले. मग तो पुतण्याला पाठवला. थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले : ‘काका, यात फूल कुठंय?’