स्टायरच्या बैठकीत शुबर्ट

गेल्या खेपेला व्याख्यान संपता संपता एका श्रोत्याने विचारलं होतं की, रागदारी गाणारा गवई गणेशोत्सवात अभंग-भावगीतं म्हणायला बसतो, तेव्हा तो खाली उतरतो की लोकांना वर नेतो? वेळ संपली होती, म्हणून आम्ही सुटलो. खरं सांगायचं तर प्रश्नच आम्हाला खटकला होता. खाली आणि वर म्हटलं की जिना आधीच गृहीत धरला जातो. आज त्या प्रश्नाकडे जरा लांबच्या वाटेने, ऑस्ट्रियामार्गे यायचं आहे. कंटाळा करू नका, परत इथंच यायचंय.

जर्मनमध्ये ‘लीड’ नावाचा एक गानप्रकार आहे. एखाद्या कवीची कविता, तिला संगीतकाराने लिहून पक्की केलेली चाल, एक गळा आणि एक पियानो, एवढाच संसार. आपल्या भावगीताचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. फरक इतकाच की तिथला पियानो गायकाच्या मागे चालत नाही, त्याला स्वतःचं म्हणणं असतं. फ्रान्झ शुबर्ट 1797 साली जन्मला, 1828 साली गेला, आणि एवढ्याशा आयुष्यात त्याने सहाशेच्या वर अशी गाणी लिहिली. आज ही गाणी मोठ्या सभागृहांत ऐकली जातात. पण ती वाढली घराघरांतल्या बैठकींत. त्याची ‘डी शोने म्युलरिन’ ही वीस गाण्यांची माळ 1823 सालची. ती एका बैठकीत सलग, जाहीरपणे प्रथम गायली गेली 1856 साली, युलिउस श्टॉकहाउझेनकडून. मधली तेहतीस वर्षं ही गाणी सुटी सुटी घरांतच नांदली.

ती घरी नेणारा माणूस म्हणजे योहान मिखाएल फोगल. व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा नामांकित बॅरिटोन. शाळकरी वयातल्या शुबर्टने त्याला ग्लुकच्या ऑपेरात ऐकलं होतं. 1817 मध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा फोगल पन्नाशीला टेकलेला, शुबर्ट वीस वर्षांचा. गाणी चाळून झाल्यावर निघताना फोगल जे बोलला ते श्पाउन या मित्राने नोंदवलंय. आशय असा : तुझ्यात माल आहे, पण नाटक्या कमी आहे, भोंदू कमी आहे, चांगल्या कल्पना तू फार वाढवत नाहीस, उधळून टाकतोस. हा शेरा लक्षात ठेवा. त्यात अख्खा फोगल आहे. हा माणूस फुरसतीत स्टोइक तत्त्वज्ञ वाचायचा, हे आम्हाला नेहमी गमतीचं वाटत आलंय. रंगभूमीवरच्या टाळ्या आणि एपिक्टेटस एकाच खिशात!

फोगल मूळचा स्टायरचा. लोखंडाच्या व्यापारावर वाढलेलं उत्तर ऑस्ट्रियातलं हे गाव. 1819 च्या उन्हाळ्यात तो शुबर्टला घेऊन तिथे गेला. म्हणजे गावचा मुलगा राजधानीत नाव काढून परत आला होता. 10 ऑगस्टला त्याचा वाढदिवस. तर गावातल्या एका मित्राने त्याच्या गाजलेल्या भूमिकांचं कौतुक करणारं काव्य रचलं, शुबर्टने त्याला चाल दिली, आणि घरातल्या मंडळींनी ते गायलं. याच मुक्कामात आणखी एक प्रकार घडला. शुबर्टचं ‘एर्लक्योनिग’ हे गाणं तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. रात्री घोडा फेकत निघालेला बाप, त्याच्या कवेत आजारी पोर, आणि पोराला भुलवणारा वनराज. गटेच्या कवितेतली ही पात्रं आणि वर निवेदक, असे चार आवाज एकाच गळ्याने काढायचे, ही त्या गाण्याची खरी कसोटी. स्टायरच्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात काय केलं? वाटण्या केल्या. बाप झाला शुबर्ट, वनराज झाला फोगल, आणि पोर झाली यजमानांची मुलगी.

समीक्षक म्हणून आम्ही म्हणायला हवं की, हे चुकलं. गाण्याचा प्राणच गेला. एकाच माणसाच्या तोंडून बापाची समजूत आणि मुलाची भीती दोन्ही निघतात, म्हणून तर ऐकणाऱ्याचा थरकाप होतो. तीन जणांत वाटल्यावर त्याचं नाटुकलं होतं. आम्ही हे म्हणतोच आहोत. पण त्या घरात आपण असतो तर तक्रार केली नसती, हेही कबूल करतो. त्या मुलीला ते गाणं आतून कळलं असणार, तसं शंभर वेळा ऐकून कळत नाही. चुकीचं आणि मोलाचं, दोन्ही एकदमच.

आता 1825. फोगल ऑपेरातून मोकळा झालेला. दोघे पुन्हा निघाले : स्टायर, लिंझ, ग्मुंडेन, साल्झबुर्ग, गास्टाइन. जिथे उतरायचं तिथे गायचं. नवी गाणी बरोबर होती. त्यांत वॉल्टर स्कॉटच्या काव्यावरची, म्हणजे पुढे ‘आवे मारिया’ म्हणून जगभर झालेलं गाणंही. पण फोगल ती गायचा कशी? तर मूळ चालीत आपल्या हरकती घालून. इथे एक गिरकी, तिथे एक लांबवलेला सूर. झोन्लाइटनर या शुबर्टच्या परिचिताने पुढे स्पष्ट लिहिलं की, शुबर्टला लय काटेकोर लागायची, नाटकी आविर्भाव चालायचा नाही; फोगलने मर्यादा ओलांडली, आवाज उतरल्यावर तर ऑपेरातल्या युक्त्यांवर भागवलं. शुबर्ट गेल्यावर, 1830 मध्ये डियाबेलीने ‘म्युलरिन’ची आवृत्ती काढली तीत असे बदल छापलेसुद्धा, आणि नंतरच्यांना मूळ पाठ सोडवून घ्यावा लागला.

तुम्ही म्हणाल, हरकती घेतल्या तर बिघडलं काय? आपल्याकडे त्याच तर गाणं. बरोबर आहे. हरकत वाईट नसते. प्रश्न वेगळा आहे : ती घेतली जाते त्या क्षणी बोलतोय कोण? कवितेतला ‘मी’, की फोगल?

इथे आम्हाला अभिनवगुप्तांची मदत घ्यावीशी वाटते. रसाच्या आड येणारी विघ्नं त्यांनी सात मोजली. त्यांतलं एक असं की, समोर जे चाललंय ते ‘माझं’ किंवा ‘अमक्याचं’ म्हणून, ठरावीक स्थळकाळाला बांधून घेतलं जातं. मग भाव सर्वांचा होत नाही, साधारणीकरण अडतं. त्यावर नाट्यात उपाय काय? पूर्वरंग, नटाचा वेष, मुकुट. नट झाकला की पात्र दिसतं. आता स्टायरच्या दिवाणखान्यात या. मुकुट नाही, पडदा नाही. रोजच्या कपड्यांतला, सगळ्यांच्या ओळखीचा माणूस पियानोपाशी उभा आहे. ‘आपला फोगल!’ हे ‘आपला’च विघ्न आहे. आणि गंमत अशी की त्या ‘आपला’वाचून ते दार उघडलंच नसतं, तो अनोळखी व्हिएन्नाचा पोरगा आत आलाच नसता. फोगलची प्रत्येक गिरकी लोकांना पुन्हा फोगलकडे बघायला लावते. शुद्धतावादी म्हणतात, त्याने लिहिलेले स्वर बदलले. आमची तक्रार ती नाही. वेष नसलेल्या कलेत गायकाला झाकायला शब्दांइतकं दुसरं काहीच नसतं, आणि त्याने तेच बाजूला सारलं, ही आमची तक्रार आहे.

अर्थात दुसरी बाजू खुद्द शुबर्टच्याच पत्रात आहे. त्या सप्टेंबरमध्ये त्याने भावाला, फेर्डिनांडला, कळवलं की फोगल गातो आणि मी साथ करतो त्यात आम्ही दोघे त्या क्षणी एक झाल्यासारखे होतो, आणि या लोकांना ते अगदी नवीन, कधी न ऐकलेलं वाटतं. म्हणजे उपाय खोलीतच होता. साथ करणाऱ्याने गायकाला स्वतःपासून सोडवायचं. आपल्याकडे पेटीवाला गवयाची तान उचलून दाखवण्यात धन्य होतो, ते जाऊ द्या.

‘आपला’ अजिबात नसेल तर काय होतं, याचाही दाखला आहे, आणि तो युद्धातला आहे. 1939 मध्ये लंडनची नॅशनल गॅलरी चित्रं हलवून रिकामी केलेली. पियानोवादक मायरा हेस यांनी तिथे दुपारच्या मैफली सुरू केल्या. एक शिलिंग दर, कचेरीतली माणसं सँडविच खाऊन ऐकायला बसायची. 1946 पर्यंत 1698 मैफली झाल्या. तिथे एलेना गेर्हार्ट गायल्या. त्या लाइपझिगकडच्या, 1934 मध्ये जर्मनी सोडून लंडनला आलेल्या, लीड गाण्यात हयात गेलेल्या. शत्रूची भाषा, शत्रूचे कवी, आणि ऐकणारे लंडनचे कारकून. या प्रसंगाचं भाबडं कौतुक करायला आम्ही तयार नाही. अनेकांना शब्द कळलेच नसतील. पण तिथे गावच्या अभिमानाचं विघ्न नव्हतं, एवढं नक्की.

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे. अभंग म्हणजे लीड नव्हे. अभंग गायकाच्या आधी गावाकडे असतो, लीड गायकाबरोबर गावात येतो. भीमसेनजींच्या ‘संतवाणी’ने शास्त्रीय गवयाने अख्खी मैफल अभंगांची करण्याची वाट रुळवली, तेव्हापासून हा फरक पुसट झालाय. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या गावी उत्सवात असे गाणे ऐकले. गवई मोठे, त्याच तालुक्यातले. सत्कार, नारळ, सगळं झालं. आमच्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी. गवयांनी तुकोबांचा अभंग धरला. आजींचे ओठ हलत होते. पण चरण संपायचा आजींचा, आणि गवई अजून दुसऱ्या शब्दावर. आजी थांबायच्या. तान परत यायची, मंडपात टाळ्या व्हायच्या, आजी पुन्हा निघायच्या. दोन चरणांत वीस मिनिटं गेली आणि गवयांनी भैरवीला हात घातला.

उठताना आजी म्हणाल्या, “छान म्हटलं हो, पण अभंग पुरा नाही केला.”

आम्ही शहाणपणाने म्हणालो, “आजी, मैफलीत सगळे चरण घेत नाहीत.”

“मग तुकोबांचं नाव कुठं आलं?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. वाट एकच होती, म्हणून एसटी स्टँडापर्यंत बरोबर चाललो. गवयांनी सोडलेले तीन चरण आजींनी चालता चालता, अगदी हळू, आपल्यापुरते म्हणून घेतले.